वाचकांचे प्रश्न : आगोटीआधीची सुकी मासळी

आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना सुकटीचा वास यायला लागतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यावर विकणाऱ्याची आणि घाटावर घेणाऱ्याची, दोघांचीही धांदल. यंदाच्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : मासळी उन्हात वाळवली, वाळलेली दिसली, आणि साठवल्यावर बिघडली. निवडक पत्रांना आमच्या सल्लागारांची उत्तरं खाली देत आहोत.

ऑक्टोबरात वलांडीवर (बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर) बोंबील घातले. चार दिवस चांगलं ऊन होतं. पोत्यात भरताना हाताला कडक लागत होते. पंधरा दिवसांत डोक्यामागचा भाग काळपट पडला आणि वास सुटला. व्यापाऱ्याने पडत्या भावात नेले. ऊन असून असं का व्हावं?
— महिला बचत गट, उरण तालुका

तुमचे बोंबील बाहेरून वाळले होते, आतून नव्हते. ताज्या बोंबलात शंभरातले 85 ते 90 भाग पाणीच असतं. ते 15-16 भागांवर आलं तरच माल टिकतो. शेपटीकडचा निमुळता भाग पहिल्या दोन दिवसांत कडक होतो आणि हात तिथेच लागतो, म्हणून फसगत होते. पाणी अडकतं ते डोक्याच्या मागे, पाठीच्या जाड भागात. पोत्यात बंद झाल्यावर ते हळूहळू बाहेर येतं, शेजारचे कोरडे बोंबीलही ओले करतं, आणि सगळं पोतं एकदम बसतं.

ऑक्टोबरचं ऊन कडक खरं, पण हवा दमट. वाळवण्याचं अर्धं काम वारा करतो, आणि तो कोरडा असावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा सुका वारा सुटला की जो बोंबील तीन दिवसांत होतो, त्याला ऑक्टोबरात पाच दिवस लागू शकतात. दिवस मोजून माल उतरवू नका, वजन करून उतरवा. पद्धत सोपी आहे. वलांडीवर घालतानाच मध्यम आकाराचे दहा बोंबील वेगळे तोलून घ्या आणि रंगीत दोरीची खूण करून मधल्या रांगेत टांगा. कडेला नको, कडेचे आधी वाळतात. रोज संध्याकाळी, दव पडायच्या आत, तेच दहा तोला. ताजं वजन 1 किलो असेल तर ते 140 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. 180 ग्रॅमवर काटा थांबला असेल तर त्यात अजून जवळजवळ तिसरा भाग पाणी आहे, हाताला कितीही कडक लागो. 140 च्या आसपास येऊन लागोपाठ दोन संध्याकाळी वजनात नावालाच फरक पडला तर माल उतरवायचा.

उतरवल्यावर लगेच पोत्यात भरू नका, हे तुमच्या पत्रावरून दुसरं सांगावंसं वाटतं. रात्रभर सावलीत, फळ्यांवर ढीग करा आणि वर गोणपाट टाका. आतलं उरलेलं पाणी रात्रीत बाहेरच्या थरापर्यंत येतं. सकाळी ढिगातला मधला बोंबील काढून डोक्यामागे नख दाबा, मग वाकवा. काडकन मोडला तर ठीक. लवला, तर आणखी अर्धा दिवस ऊन द्या आणि रात्री पुन्हा ढीग. जुन्या बायका हे करतच असत. घाई वाढली तसं सुटलं.

आता वलांडीवरच्या चुका. बोंबील जोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टांगतो, ते योग्यच. पण दोन जोड्यांमध्ये चार बोटं मोकळी हवीत. जागा कमी म्हणून खेटून टांगले की जिथे अंगाला अंग लागतं तिथे पट्टा ओला राहतो, आणि माशी अंडी नेमकी तिथेच घालते. रांगा अशा लावा की वारा दोन रांगांच्या मधून वाहील. आडव्या लावल्या तर पुढची रांग मागच्यांचा वारा खाते. सगळ्यात खालची दोरी जमिनीपासून कमरेच्या वर. त्याखाली वाळू उडते, कुत्री पोचतात. वरच्या दोरीवर ताजा माल आणि खालच्या दोरीवर कालचा, असं कधीही करू नका. वरचं पाणी खालच्यावर ठिबकतं आणि कालची मेहनत वाया जाते.

रात्रीच्या दवाचंही तेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव भरपूर पडतं. ताडपत्री टाकायची, पण मालावर थेट नाही. बांबूवर वीतभर उंच ठेवून बाजूंनी वारा खेळता ठेवायचा. घट्ट गुंडाळली तर आतल्या वाफेनेच माल भिजतो.

काळ्या पडण्याचं एक कारण मात्र वलांडीच्या आधीचं असू शकतं. डोल जाळ्यातून निघालेला बोंबील होडीवर बर्फाशिवाय पाच-सहा तास पडून राहिला, तर त्याने खाल्लेला जवळा (अगदी बारीक कोळंबी) पोटातच कुजायला लागतो आणि पोटाच्या पातळ कातडीतून रंग बाहेर येतो. कितीही ऊन दिलं तरी तो डाग जात नाही. म्हणून वाळवणीचा माल निवडताना पोट फुटलेले, दाबल्यावर लिबलिबित लागणारे बाजूला काढा. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात दोनदा धुवा. खाडीच्या तोंडचं गढूळ पाणी नको, बंदरातलं तेलकट तर मुळीच नको. आकाराने मोठे असतील तर पोट चिरून आतडी काढून टांगा. वेळ जातो, पण मोठ्या बोंबलाला भाव त्यामुळेच टिकतो.

अवकाळी पावसात अर्धवट वाळलेला माल भिजला तर वाचवता येतो का?
— मुरुड

किती वाळला होता त्यावर आहे. पहिल्याच दिवशीचा माल भिजला तर तो सुका बोंबील म्हणून धरून बसू नका. लगेच संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून निथळा आणि खारवलेला म्हणून वेगळा वाळवा, वेगळा विका. तिसऱ्या दिवशीचा, बऱ्यापैकी सुकलेला भिजला असेल तर छपराखाली एकेरी थरात पसरून पंखे लावा. ऊन पडल्यावर आधी वरचं पाणी जाऊ द्या, मग टांगा. ओल्यावर ओला ढीग करून सकाळची वाट बघणं, हे नुकसानीचं हमखास कारण.

मे महिन्यात आणखी सावध राहा. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईलगतच्या समुद्रातून वर सरकलं, तेव्हा आगोटीच्या विक्रीचा ऐन हंगाम होता. मे च्या दुसऱ्या आठवड्यानंतर वलांडीवर तीन दिवसांहून जास्त लागणारा माल घालायचा की नाही, हे हवामान खात्याचा अंदाज पाहूनच ठरवा. पाऊस दिसत असेल तर जवळा, मांदेली असा लवकर होणारा माल घ्या.

आमचा जवळा चवीला चांगला असतो, पण वाळूमुळे गिऱ्हाईक परत येत नाही. पाखडून, चाळून दमलो.
— श्रीवर्धन

वाळू नंतर काढायची नसते, लागू द्यायची नसते. जवळ्याला बारीक पाय आणि मिशा असतात. ओला असताना त्यांत अडकलेला कण वाळल्यावर घट्ट धरला जातो आणि कोणत्याही चाळणीने सुटत नाही. पुळणीवर किंवा मातीच्या खळ्यावर जुनं जाळं अंथरलं तरी खालून वाळू येतेच.

बांबूची अडीच-तीन फूट उंच मांडणी करा, तिच्यावर आधाराला जुनं जाळं ताणा आणि वर मच्छरदाणीसारखं बारीक नायलॉन. हवा वरूनही लागते आणि खालूनही, त्यामुळे वेळ वाचतो तो वेगळाच. ताजा जवळा टोपलीत घालून समुद्राच्या स्वच्छ पाण्यात हलवून धुवा, पूर्ण निथळू द्या. मग एक सेंटीमीटरहून जाड थर नको. एका चौरस मीटरवर चार-पाच किलो पुरे. पहिले दोन तास हात लावू नका, चिकट असतो, लगदा होतो. वरचा थर सुटा झाला की तासा-दीड तासाने उलथत राहा. कडक उन्हात संध्याकाळपर्यंत होतो, नाहीतर दुसरा दिवस लागतो. मुठीत घेऊन हलवला की खुळखुळला पाहिजे, आणि मूठ उघडल्यावर गोळा न होता सुटा पडला पाहिजे.

पाखडणं मग शेवटी, आणि ते वाळूसाठी नाही. सुपात घेतलात की तुटलेल्या मिशा आणि पापुद्रे वाऱ्याने उडतात, बारीक मांदेली, शिंपल्यांचे तुकडे, खेकड्याची पिल्लं वर येतात. ती निवडायला चांगला उजेड आणि बसायला वेळ लागतो. निवडलेला आणि न निवडलेला जवळा एकाच पोत्यात घालून सरासरी भाव मागू नका. निवडलेल्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते जास्त देतं.

खारवलेल्या बांगड्यावर गुलाबी-लाल डाग आले आहेत. मीठ भरपूर घातलं होतं. खाल्लं तर चालेल का? आणि पावसाळ्यात बरणीतले बांगडे ओले का होतात?
— वेंगुर्ले

लाल डाग मीठ कमी पडल्याने येत नाहीत. मिठातच वाढणारे काही जिवाणू असतात, आणि ते मिठागराच्या मिठाबरोबरच घरात येतात. उन्हाने तयार झालेलं ताजं, न भाजलेलं मीठ, उबदार हवा आणि पुरेसा न वाळलेला मासा, एवढं मिळालं की ते फोफावतात. डाग नुकतेच दिसू लागले असतील, वास नसेल, मांस घट्ट असेल, तर संपृक्त मिठाच्या पाण्यात ब्रशने घासून कडक उन्हात पुन्हा वाळवा आणि लवकर संपवा. पृष्ठभाग बुळबुळीत झाला असेल किंवा चिरल्यावर आतही गुलाबी दिसत असेल, तर फेका. यात काटकसर नको.

पुढच्या खेपेला मीठ जुनं वापरा, सहा महिने कोरडं साठवलेलं, नाहीतर लोखंडी कढईत चांगलं तापवून गार केलेलं. हे जिवाणू गोड्या पाण्यात तग धरत नाहीत, म्हणून पिंपं, टोपल्या, फळ्या हंगामाच्या आधी गरम गोड्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. समुद्राच्या पाण्याने धुतलीत तर त्यांना हवं तेच मिळतं.

प्रमाण विचारलं नाहीत, पण पत्रात "भरपूर" लिहिलंय म्हणून सांगतो. पाठीतून चिरून, आतडी-कल्ले काढून, कण्याजवळची काळसर रक्ताची रेघ खरवडून धुतलेल्या 4 किलो बांगड्याला 1 किलो मीठ. ही रेघ राहिली तर बिघाड तिथूनच सुरू होतो. मीठ मध्यम दाण्याचं घ्या. अगदी बारीक मीठ वरच्या थराचं पाणी झपाट्याने ओढतं, मांस वरून आवळतं आणि मीठ आत शिरायचं थांबतं. भांड्याच्या तळाला मिठाचा थर, मग मासा-मीठ-मासा, वर पुन्हा जाड थर, त्यावर फळी आणि दगड. काही तासांत माशाचं स्वतःचं पाणी सुटतं. सगळे बांगडे त्यात बुडाले पाहिजेत. वर तरंगणारा तुकडा पहिला पिवळा पडतो. पाणी कमी पडलं तर संपृक्त पाणी ओता. साधारण दीड-दोन दिवसांनी काढून त्याच खाऱ्या पाण्यात विसळा, निथळा आणि दोन-तीन दिवस वाळवा.

संपृक्त पाणी म्हणजे 100 लिटर पाण्यात सुमारे 36 किलो मीठ. अंडं किंवा बटाटा तरंगला की झालं, असं सर्रास समजतात. ते चुकीचं आहे. अंडं त्याच्या निम्म्याहून कमी मिठातही तरंगतं. ढवळूनही तळाला मीठ विरघळायचं शिल्लक राहिलं, तर ते पाणी संपृक्त.

आता बरणी. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे बांगडा कितीही वाळवला तरी उघड्या बरणीत तो ओला होणारच. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारातून खारी मासळी घेणारेही हीच तक्रार करतात. उपाय एकच : एका वेळी लागेल तेवढ्याच्या लहान, हवाबंद पिशव्या, आणि उघडलेली पिशवी फ्रीजमध्ये. मीठ स्वस्त, कडवट आणि हाताला नेहमी दमट लागणारं असेल तर त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते आणखी लवकर पाणी ओढतं.

एक गोष्ट डागांहून गंभीर आहे. बांगडा, तारली, पेडवे यांसारखी मासळी खारवण्याआधी उन्हात तासन् तास राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते वाळवून, तळून, उकळून जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी अशी लक्षणं दिसतात. ताजी आहे तोवर बर्फात, मग लगेच मिठात. शिळ्या बांगड्याला मीठ लावून तो ताजा होत नाही.

माशी बसू नये म्हणून वलांडीवर कीटकनाशक फवारलं तर? इथे काहीजण करतात.
— पालघर तालुका

नाही. घरगुती असो वा शेतीचं, थेट खाण्याच्या वस्तूवर ते मारायचं नसतं. मासळी वाळताना पाणी जातं, औषध राहतं. माशी फक्त ओल्या मासळीवर अंडी घालते, म्हणजे धोका पहिल्या दिवसाचा. पहिल्या दिवशी बारीक जाळीने झाका, वलांडीखाली पडलेलं पाणी आणि तुकडे रोज झाडा, आणि आतडी-कल्ल्यांचा खड्डा वलांडीपासून लांब करून मातीने बुजवा. बहुतेक बंदरांवर माश्या मासळीमुळे नाही, त्या खड्ड्यामुळे असतात.

आगोटीला पुण्याहून अलिबागला येऊन वर्षाचे बोंबील, जवळा, सोडे घेतो. दरवर्षी ऑगस्टपर्यंत बोंबलांत केसाळ अळ्या होतात. घेताना काय बघावं, ठेवावं कसं? आणि सोडे इतके महाग का?
— पुणे

केसाळ अळी ही वाळल्या मासळीवर जगणाऱ्या भुंग्याची. बहुतेक वेळा ती अंड्याच्या रूपात बाजारातूनच घरी येते. म्हणून पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला देखणा बोंबील बघू नका. विक्रेत्याला तळातला मूठभर काढायला सांगा. तळाला भुशासारखी बारीक पूड असेल, पोकळ डोकी असतील, तर दुसरीकडे जा. बोंबील काडकन मोडला पाहिजे. लवचीक बोंबील घेतलात तर पाण्याला मासळीचा भाव देता. 15 टक्के पाणी असलेल्या किलोत 850 ग्रॅम मासा असतो, 25 टक्के असलेल्यात 750. आगोटीच्या गर्दीत थोडा दमट माल काढण्याचा मोह अनेकांना होतो, हे उघड गुपित आहे. जवळ्याची मूठ पांढऱ्या कागदावर चोळा, कागद उचलून वाळू दिसते का बघा. वास समुद्राचा असावा. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला, किंवा जुन्या खवट तेलाचा, तर नको.

घरी आणल्यावर पहिल्या कडक उन्हात एक दिवस घाला. मग बोंबलाचं डोकं, शेपूट, पर कात्रीने काढून दोन-दोन इंचांचे तुकडे करा, पूर्ण गार होऊ द्या आणि हवाबंद पिशव्यांत भरा. गरम असताना भरलेत तर आत वाफ धरते. पिशव्या तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अळी आणि अंडी दोन्ही मरतात. जागा असेल तर तिथेच राहू द्या, नसेल तर बाहेर कोरड्या डब्यात. बाहेर काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आतल्या मासळीवर दव धरतं. कडुनिंबाचा पाला डब्यात घालायला हरकत नाही, पण आत आलेली अळी त्याने मरत नाही.

सोड्यांचं म्हणाल तर गणित करून बघा. कोळंबी सोलली की निम्मं वजन डोक्यात आणि सालीत जातं, उरलेल्यातलं बहुतेक पाणी उन्हात जातं. एक किलो सोड्यांसाठी सात-आठ किलो कोळंबी आणि ती एकेक करून सोलणारे हात लागतात. स्वस्त सोडे एकसारखे भडक नारिंगी दिसले तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दोन मिनिटं गुंडाळा. नैसर्गिक रंग फारसा उतरत नाही.

आमचा गट वर्षाला साधारण तीनशे किलो सुके बोंबील करतो. व्यापारी हंगामाआधी उचल देतो आणि भावही तोच ठरवतो. पाकिटं करून शहरात विकली तर फायदा होईल का? आणि सौर ड्रायर घ्यावा का?
— सातपाटीजवळील गट

फायदा होईल, पण पाकिटावरची किंमत बघून जेवढा वाटतो तेवढा नाही. आधी हिशोब मांडू. खालचे दर फक्त गणितासाठी घेतले आहेत, तुमचे घाला. ताजा बोंबील 30 रुपये किलो धरला आणि एका सुक्या किलोला 7 किलो ताजा लागला, तर 210 रुपये. टांगणं-उतरवणं, दोरी, वाहतूक यांचे 50. दहा टक्के माल तुटला, बिघडला असं धरलं तर चांगला एक किलो तुम्हाला सुमारे 290 रुपयांना पडतो. आता डोकं-शेपूट काढून साफ केल्यावर किलोचे 700 ग्रॅम उरले असं समजा. हे मात्र तुमचा स्वतःचा एक किलो साफ करून तोलूनच घ्या, आकारावर बदलतं. 200 ग्रॅमच्या पाकिटात 83 रुपयांचा माल, 12 रुपये पिशवी आणि लेबल, 15 रुपये साफसफाईची मजुरी : 110 रुपये. दुकानदार छापील किमतीवर 25 टक्के ठेवत असेल, तर 147 रुपये छापलेत तरी तुमच्या हातात शून्य. 180 छापलेत तर पाकिटामागे 25 रुपये उरतात, आणि त्यातून शहरापर्यंतची वाहतूक व न खपलेली परत आलेली पाकिटं वजा व्हायची आहेत.

म्हणून सगळा माल पाकिटात घालू नका. लांब, सरळ, न तुटलेला बोंबील पहिल्या प्रतीचा; तो आगोटीला थेट गिऱ्हाइकाला किंवा मुंबईतल्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात सुटा विकला तरी चांगला भाव मिळतो. मधल्या प्रतीची पाकिटं करा, कारण तुकडे केल्यावर लांबी कोण मोजतं? तुटका चुरा भाजून चटणीला. आज व्यापारी तुमचा सगळा माल एका भावात उचलतो आणि प्रतवारी त्याच्या गोदामात होते. ती तुमच्या अंगणात झाली, तर पाकिटांशिवायही पैसे वाढतात.

उचलीचं म्हणाल तर ती घेण्यात वाईट काही नाही. भाव न ठरवता घेण्यात आहे. देताना प्रत, ओलाव्याची कसोटी आणि वजनातली सूट किती, हे कागदावर घ्या. निम्मा हंगाम तरी बिनउचलीचा राहील एवढं भांडवल गटाने आधी जमवा. जून-जुलैला भाव चढतो म्हणून माल धरून ठेवायचा असेल, तर कोरडी खोली आधी हवी : भिंतीपासून हातभर आणि जमिनीपासून वीतभर लांब फळ्या, गळकं छप्पर नाही, पंधरा दिवसांनी प्रत्येक थप्पीतला मधला नग तपासणं. अशी खोली नसेल तर 31 मे ला जो भाव मिळेल तो घ्या.

पाकिटाची पिशवी साध्या पॉलिथिनची नको. वास बाहेर येतो, ओल आत जाते आणि बोंबलाचे काटे भोकं पाडतात. निर्वात पॅकिंगमध्ये तर हमखास. पॉलिएस्टर-पॉलिथिनचं लॅमिनेट घ्या आणि काटेरी टोकं आधी कापा. कुरियरला पाठवताना दुहेरी पिशवी आणि वर खोका, नाहीतर माल मध्येच अडवला जातो. खाद्यसुरक्षा नोंदणी (एफएसएसएआय) आधी काढा. लहान उत्पादकाची नोंदणी ऑनलाइन आणि स्वस्त आहे. लेबलवर नोंदणी क्रमांक, पत्ता, निव्वळ वजन, पॅक केल्याची तारीख, किती काळात वापरावं, किंमत आणि मांसाहाराचं तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह.

ड्रायरबद्दल आमचं मत जरा थंड आहे. तीनशे किलोसाठी उंच मांडणी आणि चांगली ताडपत्री यांनीच बरंच काम भागतं. घ्यायचाच तर लाकडी चौकटीवर अतिनील किरणांना टिकणाऱ्या पॉलिथिनचा तंबू करून एक हंगाम वापरून बघा. खाली हवा आत यायला आणि वर बाहेर जायला झरोके हवेत. ते बंद ठेवले की आत उकाडा होतो आणि मासळी वाळत नाही. तापमान 45 ते 50 अंशांत ठेवा. त्याच्या बऱ्याच वर गेलं तर बोंबील शिजतो, वरून कवच धरतो आणि पाणी आत कोंडतं, म्हणजे पहिल्या पत्रातली तक्रार यंत्रातही. ढगाळ दिवशी नुसता सौर ड्रायर चालत नाही. वीज किंवा गॅसची जोड असलेले कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले नमुने आहेत, ते मोठ्या गटाला परवडतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदानाचा आकृतिबंध आहे. या वर्षी कोणते अर्ज घेतले जात आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा, आणि मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत यंत्राची आगाऊ रक्कम भरू नका.

वडिलांना रक्तदाब आहे. सुकी मासळी पूर्ण बंद करावी का?
— नाशिक

ते डॉक्टरांना विचारा, पण विचारताना कोणती मासळी ते सांगा. सुका बोंबील, जवळा, मांदेली, सोडे ही सहसा मीठ न लावता वाळवतात. समुद्राच्या पाण्यात धुतल्यामुळे आणि पाणी उडाल्यामुळे थोडं मीठ साठतं, तेवढंच. खारा बांगडा, खारवलेली सुरमई, मुशी यांत मात्र मीठ भरपूर. ती दोन-तीन तास पाणी बदलत भिजवली तरी बरंच उरतं. बोंबील, जवळा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून ते पाणी टाका आणि कालवणात वरून मीठ चवीपुरतं, शेवटी घाला.

सुके बोंबील भाजताना शेजारी तक्रार करतात.
— ठाणे

भाजू नका. गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून, पिळून, आल्या-लसणाच्या वाटणात थेट परता. वास निम्म्याहून कमी येतो. चटणीसाठी भाजावेच लागतात, तेव्हा एक्झॉस्ट पंखा लावा आणि तयार चटणीची एक वाटी शेजारी द्या.